माईक खाली ठेवा, मुलामुलींना बोलू द्या : नागपुरातल्या वधू-वर परिचय मेळाव्यांच्या आयोजकांना खुले पत्र

नागपुरातील सर्व समाजांच्या वधू-वर परिचय मेळावा समित्यांचे अध्यक्ष, सचिव आणि आपला रविवार देऊन राबणाऱ्या सगळ्या ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की आपल्याकडे मेळाव्यांचा हंगाम लागतो. कुठे लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात, कुठे महालातल्या मंगल कार्यालयात, कुठे रेशीमबागेकडे, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या समाजाचा फलक लागलेला दिसतो. पुस्तिका छापायची, जाहिराती गोळा करायच्या, सकाळी सहाला आचाऱ्याला फोन करून आलूपोह्यांचं विचारायचं, बाहेरगावाहून आलेल्यांची सोय बघायची, आणि हे सगळं पदरमोड करून. ही मेहनत मला ठाऊक आहे, कारण मीही नोंदणीच्या टेबलावर बसते. कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून समाजाच्या मेळाव्यात पावत्या फाडणं, फॉर्म तपासणं, रडवेल्या आईला पाण्याचा ग्लास देणं ही कामं माझ्याकडे आली. त्यामुळे हे पत्र घरातल्याच माणसाचं आहे असं समजून वाचावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या मेळाव्यात बायोडाट्याची बायोडाट्याशी गाठ पडते, मुलाची मुलीशी गाठ पडायची राहून जाते. आणि कोणाला कोण आवडेल हे बायोडाट्यावरून ओळखता येत नाही. माझ्या विषयातल्या संशोधकांनी हे निरनिराळ्या प्रकारे तपासून पाहिलं आहे आणि उत्तर फारसं बदललेलं नाही. तेव्हा यंदाच्या हंगामात आपण मेळाव्याची पद्धतच बदलावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मंचावर काय होतं ते आठवा. सूत्रसंचालक एका मुलीच्या हाती माईक देतात. "घाबरू नको बेटा, बोल." ती नाव सांगते, जन्मतारीख सांगते, उंची पाच फूट तीन इंच, एम.कॉम., खासगी बँकेत नोकरी, वडील निवृत्त, भाऊ पुण्याला. मग अपेक्षा : "सुशिक्षित, निर्व्यसनी आणि समजून घेणारा." तिच्या आधीच्या मुलीचीही हीच अपेक्षा होती, नंतरच्या मुलीचीही हीच असेल. समोर आईवडील मांडीवर पुस्तिका उघडून बसलेले, हातात पेन, क्रमांकापुढे बरोबरची खूण किंवा फुली. मुलीच्या हातातला कागद थरथरत असतो. ज्यांनी तिच्याकडे बघायचं ती मुलं भिंतीला टेकून मोबाईल चाळत असतात, कारण आपला नंबर येणार या धास्तीने त्यांचाही जीव घशात आलेला असतो. काही मुलं तर आलेलीच नसतात. "पोरगा बंगलोरला आहे, सुट्टी नाही भेटली" म्हणत आई त्याचा फोटो घेऊन मंचावर चढते. एका मिनिटात एक माणूस संपतो. दुपारी जेवणं होतात, आणि गाडीत बसताना घरोघरी तोच प्रश्न : "कोणी दिसलं का चांगलं?"

त्या 'अपेक्षा' नावाच्या रकान्यापासून सुरुवात करते.

अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल या दोघांनी 2008 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण मुलामुलींना त्यांनी आधी विचारलं की जोडीदारात तुम्हाला काय हवं. मुलांनी रूपाला जास्त महत्त्व दिलं, मुलींनी कमाईला. हे तर आपल्याही फॉर्मवर रोज दिसतं. मग त्यांना एकमेकांशी चार-चार मिनिटं प्रत्यक्ष बोलू दिलं आणि पुढचा महिनाभर विचारत राहिले की तुम्हाला कोण आवडलं. आधी कागदावर लिहिलेली अपेक्षा आणि नंतर आवडलेलं माणूस यांचा मेळ बसला नाही. कमाई हवी म्हणणारी मुलगी कमाईवाल्याकडेच ओढली गेली, असं काही दिसलं नाही. मुलामुलींत मोठा वाटणारा तो फरकही प्रत्यक्ष भेटीत उरला नाही.

पुढे 2017 मध्ये समांथा जोएल यांनी याच दोघांसोबत आणखी एक प्रयत्न केला. भेटण्याआधी प्रत्येकाकडून शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या, स्वभाव, आवडीनिवडी, अपेक्षा, सगळं. ते सगळं संगणकाला दिलं आणि विचारलं, सांग, कोणाचं कोणाशी जमेल? एकूण कोण जास्त जणांना आवडेल आणि कोण सहसा कोणालाही नाही म्हणत नाही, एवढं संगणकाला थोडंफार सांगता आलं. या विशिष्ट मुलीला हा विशिष्ट मुलगा भावेल का, हे सांगता आलं नाही. आपल्या पुस्तिकेत तर पंधरा-वीस रकाने असतात, त्यातले निम्मे नाडी, गण, मामेकुळ आणि वर्ण यांचे.

तरीही आपण सगळे त्या रकान्यांना घट्ट धरून बसतो. पालकांचं मी समजू शकते. लेकीच्या आयुष्याचा निर्णय, हाताशी धरायला काहीतरी हवं, आणि आकडा हाताला लागतो. पाच फूट आठ, बारा लाख, दोन बीएचके. आकडा दिसला की आपण विचार केला असं वाटतं. पण आकड्याला नकार देताना आपण ज्याला कधी पाहिलंच नाही त्या माणसाला नकार देत असतो.

शेतकरी मुलांची गोष्ट इथे केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या विदर्भात हे दुखणं घरोघर आहे आणि मेळाव्याच्या टेबलावर ते सगळ्यात उघडं दिसतं. मुलीच्या फॉर्मवर अपेक्षा लिहिलेली असते : "नोकरी, शेती असल्यास उत्तम." म्हणजे सातबारा हवा, शेतात उभा राहणारा नको. काटोल, नरखेड, सावनेरकडून मुलं येतात, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पायात नवे बूट. मंचावर जाऊन 'व्यवसाय : शेती' म्हणाले की सभागृहातली पेनं खाली जातात. हे मी अगदी समोरून पाहते, कारण माझं टेबल दारापाशी असतं आणि तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.

मागे एका मेळाव्यात चहाच्या रांगेत काटोलकडचा एक मुलगा आणि बी.एस्सी. अॅग्री झालेली एक मुलगी शेजारीशेजारी उभे होते. ओळख नव्हती. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ यंदा किती झाली यावरून बोलणं निघालं. तो म्हणाला, ठिबकचं पाणी नीट दिलं तरी फळ टिकत नाही. ती म्हणाली, पाण्याचं सोडा, माती तपासली का कधी? तो हसला. चहा गार झाला तरी दोघं बोलतच होते, हातवारे करून, एकमेकांचं वाक्य तोडून. ती त्याला मुळांबद्दल काहीतरी टेबलावर बोटाने काढून दाखवत होती. त्या दिवशी अख्ख्या सभागृहात खऱ्या अर्थाने एकमेकांना भेटलेली ती दोनच माणसं असावीत. मग मुलीची आई आली, विचारलं, "काय करून राहिले आपण सध्या?" त्याने सांगितलं. "बरं बरं," म्हणून ती लेकीला घेऊन गेली. त्यांचं लग्न व्हायला हवं होतं असं माझं म्हणणं नाही. दोघांना आणखी अर्धा तास मिळायला हवा होता, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि तो देणं आपल्या, म्हणजे आयोजकांच्या हातात होतं.

आता रूपाबद्दल. पालक म्हणतात, आम्हाला रंगरूप महत्त्वाचं नाही हो, पण मेळाव्यात जास्त चौकशी होते ती दिसायला चांगल्या मुलामुलींचीच. याला माणसं वरवरची आहेत हे कारण पुरेसं नाही. आपण भेट ज्या पद्धतीने घडवतो त्यातच हे बसवलेलं आहे.

मिनेसोटा विद्यापीठात एलेन वॉल्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी नाचाचा कार्यक्रम ठेवला. सांगितलं की तुमच्या उत्तरांवरून संगणक तुमची जोडी जुळवणार. खरं तर 376 जोड्या नुसत्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या होत्या, मुलगा मुलीपेक्षा उंच असावा एवढीच अट पाळली होती. तिकिटं देणाऱ्या टेबलावर चौघं बसले होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या रूपाला गुपचूप गुण देत होते. अडीच-एक तासांनी सगळ्यांना विचारलं, जोडीदार आवडला का, पुन्हा भेटाल का? हुशारी, स्वभावचाचणीचे गुण, काहीच उपयोगाला आलं नाही. टेबलावरच्या चौघांनी रूपाला दिलेले गुण तेवढे खरे ठरले.

नोंदणीच्या टेबलावर बसते तेव्हा हा प्रयोग माझ्या मनातून जात नाही. दोन अनोळखी माणसांना एकदाच, थोडा वेळ, गर्दीत भेटवलं की डोळ्यांना जे दिसतं तेच उरतं. स्वभाव उलगडायला वेळ लागतो आणि तो वेळ आपण ठेवतच नाही.

वेळ ठेवला तर काय होतं, याचाही अभ्यास आहे. 2015 मध्ये लुसी हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी 167 जोड्या तपासल्या. ओळख होताच लगेच जुळलेल्या जोड्यांमध्ये दोघंही दिसायला साधारण सारखेच होते, देखण्याला देखणी. पण जी माणसं आधी बरेच दिवस एकमेकांना ओळखत होती, मैत्रीत होती आणि मग जवळ आली, त्यांच्यात हा मेळ खूपच सैल होता. ओळखीने रूपाची किंमत कमी केली आणि दुसऱ्या गोष्टींना जागा मिळाली. पिट्सबर्गमधला 1992 चा एक प्रयोग तर मला फार आवडतो. दिसायला साधारण सारख्या चार तरुणी एका मोठ्या वर्गात जाऊन बसत. एक कधीच गेली नाही, एक पाच वेळा, एक दहा, एक पंधरा वेळा. कोणीही कोणाशी एक शब्द बोललं नाही. सत्र संपल्यावर विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा येऊन बसली होती ती जास्त आवडली, आणि गंमत अशी की हिला आपण पाहिलंय हे बहुतेकांना आठवतही नव्हतं.

आपल्या आधीच्या पिढीला ही नुसती नजरेची ओळख आयती मिळे. महालातले वाडे, इतवारीतल्या गल्ल्या, गणेशोत्सवाची वर्गणी, मावशीच्या घरचं हळदीकुंकू, मामाच्या लग्नातली वाढपी मंडळी. मुलगा-मुलगी बोलत नसत, पण वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोळ्यांसमोर असत. जुन्या काळी सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. त्या गल्ल्यांमध्ये मुलींवर पहारेही होते. पण आजच्या मुलाचं बघा : बेसा-मनीषनगरच्या फ्लॅटमधून मिहानमधल्या ऑफिसात, तिथून परत, रात्री मोबाईल. रोज तीच पंधरा माणसं, त्यातली दहा लग्न झालेली. म्हणून तर आपल्या मेळाव्याची गरज पूर्वीपेक्षा आज जास्त आहे. आणि म्हणूनच तो वर्षातून एका रविवारचा असून भागणार नाही.

माझी पहिली मागणी तीच. वर्षातून एकदा हजार माणसांचा मेळावा घेण्यापेक्षा तीस-चाळीस मुलामुलींचा एक गट करा आणि त्याच गटाला तीन-चार महिने दर पंधरवड्याला एकत्र आणा. रामटेकची सहल, गोरेवाड्याला सकाळचा फेरफटका, रक्तदान शिबिराची तयारी, समाजाच्या विद्यार्थ्यांच्या वह्यावाटपाचं काम. लग्नाचं नाव न काढता काहीतरी एकत्र करायला द्या. सोबत राबताना माणूस कळतो. कोण उशिरा येतं, कोण दुसऱ्याच्या वाट्याचं ओझं उचलतं, वेटरशी कोण कसं बोलतं.

दुसरी, मंचावरचा माईक बंद करा. त्याऐवजी सहा-सहा जणांची टेबलं लावा, तीन मुलं, तीन मुली, आणि वीस मिनिटांनी जागा बदला. "हे पाश्चात्त्यांचं स्पीड डेटिंग आपल्यात कशाला?" असं कोणीतरी नक्की म्हणणार, म्हणून सांगून ठेवते. ही पद्धत 1998 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये याकोव्ह डेयो नावाच्या एका ज्यू धर्मगुरूने काढली. आपल्या समाजातल्या मुलामुलींची आपसात ओळख व्हावी, त्यांनी समाजात लग्नं करावीत, हाच त्याचा हेतू होता. म्हणजे तोही एक समाजाचा परिचय मेळावाच होता, फक्त त्यात मुलामुलींना एकमेकांशी बोलायला बसवलं होतं.

जागा बदलताना मात्र एक पथ्य पाळा. दर खेपेला मुलांनीच उठायचं आणि मुलींनी बसून राहायचं, असं करू नका. फिंकेल आणि ईस्टविक यांनी 2009 मध्ये 350 तरुणांवर हेच पाहिलं. मुली बसलेल्या आणि मुलं फिरती, तेव्हा मुली जास्त चोखंदळ दिसल्या. मुली फिरत्या केल्या तर तो फरक नाहीसा झाला. जो उठून दुसऱ्याकडे चालत जातो त्याला आत्मविश्वास येतो आणि समोरचा बराही वाटू लागतो. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी खाली मान घालून बसलेली आणि मुलाकडचे वाजतगाजत आलेले, या चित्राचा दोघांच्याही मनावर काय परिणाम होत असेल, याचा विचार आपण कधी केला नाही.

टेबलावर बोलायचं काय, हा प्रश्न मुलं मला विचारतात. त्यांना मंचाची सवय झालेली, शिक्षण-नोकरी-गाव सांगून झालं की गप्प. आर्थर एरन यांनी 1997 मध्ये दाखवलं की दोन अनोळखी माणसांनी पाऊण तास एकमेकांना हळूहळू आतले प्रश्न विचारले, तर इकडच्यातिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात जास्त जवळीक तयार होते. तसे प्रश्न आपल्या भाषेत, आपल्या घरांना शोभतील असे, चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर ठेवता येतील. सुट्टीचा दिवस कसा गेला की बरं वाटतं? घरात भांडण झालं की तुम्ही काय करता, गप्प बसता की बोलून मोकळे होता? आईवडिलांची कोणती गोष्ट आपल्या संसारात हवी आणि कोणती नको? असे वीसेक प्रश्न मी काढून ठेवले आहेत. ज्या समितीला हवे असतील तिला देईन.

पहिले दोन तास पालकांची बसायची सोय वेगळ्या दालनात करा. त्यांना वगळायचं नाही. त्यांच्यासाठी तिथे वकील बोलवा, विवाह नोंदणीवर बोला, हुंडाबंदीच्या 1961 च्या कायद्यावर बोला, पालकांनीही आपसात ओळखी करून घ्याव्यात. दुपारी जेवायला सगळे एकत्र.

आणि भेटीनंतर दोघांनाही वेगवेगळं विचारा. यामागे कारण आहे. एरिका बूथबी यांच्या 2018 च्या अभ्यासात दिसलं की दोन माणसं पहिल्यांदा बोलून उठली की बहुतेकांना वाटतं, आपण समोरच्याला फारसे आवडलो नाही. प्रत्यक्षात समोरच्याला ती त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आवडलेली असतात. आमच्या टेबलावर येऊन "काकू, तिकडून काही नाही बहुतेक" असं पडेल आवाजात सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. तिकडची मुलगीही जवळपास तेच सांगून गेलेली असते. मध्ये एक विचारणारं माणूस असेल तर ही गाठ सुटते. ते माणूस होणं हे समितीचं काम आहे.

आता मोबाईलबद्दल, आणि हे जरा सविस्तर, कारण मेळावा संपला की खरा मेळावा तिथेच सुरू होतो.

पुस्तिकेची पीडीएफ संध्याकाळपर्यंत दहा ग्रुपवर पोहोचलेली असते. त्याखेरीज बारा महिने चालणारे बायोडाटा ग्रुप आहेतच. "फक्त बायोडाटा टाकावा, गुड मॉर्निंग टाकू नये." एकेका आईच्या मोबाईलवर असे पाच-सात ग्रुप. सकाळी भाजी फोडणीला टाकली की अंगठा सुरू होतो. पहिल्या दोन-तीन फोटोंवर ती थांबते, मोठा करून बघते, खालचं वाचते. तिसाव्या फोटोपर्यंत पोचते तेव्हा नजर नुसती कारणं शोधत असते : कपाळ मोठं, गाव लांब, भाऊ नाही. हे त्या माउलीचं खोटेपण नाही, आपल्या सगळ्यांची नजर असंच वागते. नेदरलँड्समधल्या टिला प्रॉंक आणि याप डेनिसन यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एकामागून एक फोटो दाखवून हो-नाही विचारलं. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत जाताना होकाराची शक्यता सरासरी 27 टक्क्यांनी घसरली. स्थळं जास्त दिसली की निवड चांगली होईल असं आपल्याला वाटतं, पण जसजशी जास्त दिसतात तसतसा माणूस नकाराच्या तालात शिरतो. म्हणून बायोडाटा गठ्ठ्याने पाठवणं थांबवा. एका घराला एका वेळी तीन पाठवा, त्या तिघांना भेटून झाल्यावर पुढचे.

फोटोंचं आणि उंचीचं थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमध्ये 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन स्थळं शोधणाऱ्यांना प्रत्यक्ष बोलावून मोजलं, तर उंची, वजन, वय यांपैकी निदान एका गोष्टीत 81 टक्के लोकांनी थापा मारलेल्या निघाल्या. थापा बहुतेक लहानशाच. आपल्याकडे मोबाईलचं फिल्टर आल्यापासून फोटोतला गोरेपणाही वाढला आहे, आणि सावळ्या मुलींवर त्याचं जे ओझं येतं ते मला बघवत नाही. पुस्तिकेतून 'वर्ण' हा रकाना यंदाच काढून टाका. त्यासाठी कुठल्या अभ्यासाची वाट बघायला नको.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो उत्तर न येण्याचा. बायोडाटा पाठवला, दोन निळ्या खुणा उमटल्या, पुढे काहीच नाही. आठ दिवसांनी वडील पुन्हा "नमस्कार साहेब" पाठवतात. पुन्हा निळ्या खुणा. आपल्याला वाटतं, तोंडावर नाही कशाला म्हणा, गप्प राहिलेलं बरं. पण वगळलं जाणं माणसाला किती लागतं, हे किपलिंग विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवलं. इंटरनेटवर चेंडू फेकण्याचा एक साधा खेळ, समोर न दिसणारी दोन अनोळखी माणसं. थोड्या वेळाने ती दोघं आपल्याकडे चेंडू टाकेनाशी होतात. एवढ्यानेच लोकांना आपण कोणाचेच नाही असं वाटू लागलं, मन खट्टू झालं. पुढच्या प्रयोगांत तर, समोर माणूस नाही, संगणक आहे, असं सांगूनही लागायचं ते लागलंच. मग ज्या मुलीचा बायोडाटा चार वर्षं ग्रुपवर फिरतो आहे आणि उत्तर येत नाही, तिच्या मनात काय साठत असेल? तिशी ओलांडलेल्या, किंवा घटस्फोट होऊन पुन्हा नाव नोंदवणाऱ्या मुलामुलींचा तर प्रश्नच वेगळा. त्यांची पानं आपण पुस्तिकेच्या शेवटी, वेगळ्या रंगाच्या कागदावर छापतो. तो रंगीत कागदही बंद करा. आणि एक नियम घाला : बायोडाटा आला की दहा दिवसांत उत्तर द्यायचं, "आमचं जमत नाही, तुम्हाला शुभेच्छा" एवढं तरी. जो देणार नाही त्याला पुढची स्थळं पाठवायची नाहीत.

काही घरं याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली दिसतात. "पोरं बोलून राहिलीत ना व्हॉट्सअॅपवर, मग झालं." मुलगा पुण्यात, मुलगी नागपुरात, तीन-तीन महिने रात्री दोनपर्यंत चॅटिंग. मग दिवाळीत सीताबर्डीच्या एखाद्या हॉटेलात पहिली भेट, आणि दहाव्या मिनिटाला दोघांनाही कळतं की समोर कोणी वेगळंच बसलं आहे. जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये याची उकल केली होती. लिहून बोलताना माणूस स्वतःचं चांगलं तेवढं निवडून दाखवतो, आणि वाचणारा रिकाम्या जागा आपल्या मनासारख्या भरून घेतो. त्यामुळे पहिली भेट लवकर ठरवा, पंधरा-वीस दिवसांच्या आत. बाहेरगावच्यांसाठी निदान व्हिडिओ कॉल, आणि त्या वेळी मागे आई उभी नको.

फोन नंबरांचाही बंदोबस्त हवा. मुलींचे नंबर, घरचा पत्ता, पगार, जन्मवेळ सगळं एका पीडीएफमध्ये, आणि ती कोणाच्याही हाती. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला मेळाव्यानंतर कित्येक महिने रात्रीबेरात्री अनोळखी फोन येत होते, शेवटी तिने सिम बदललं. परदेशातला वर बनून पैसे उकळणारे भामटेही अशाच याद्या शोधत असतात. फसवणूक झाली तर 1930 या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, हे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा. पण मुळात नंबर छापूच नका. समितीचा एक नंबर द्या, दोन्हीकडून होकार आला की मगच नंबर द्या-घ्या. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला, त्याचा पायाच ज्याची माहिती त्याची संमती हा आहे. लग्न जमलेल्यांची माहिती ग्रुपवरून काढून टाकणं तर साधी माणुसकी आहे.

एक शंका रास्त आहे, ती मीच मांडते. हे बरेचसे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर झाले आहेत. तिथलं डेटिंग आणि आपल्याकडचं लग्न यांत फरक आहे. आपल्याकडे दोन घरं जुळतात, मुलाची म्हातारी आई घरात असते, देणीघेणी असतात. हे मला मान्य आहे. शिवाय आवडणं वेगळं आणि संसार टिकणं वेगळं, असंही कोणी म्हणेल. टिकण्याबद्दल जोएल आणि अनेक संशोधकांनी मिळून 2020 मध्ये फार मोठं काम केलं. 43 अभ्यासांतली 11,196 जोडप्यांची माहिती त्यांनी एकत्र तपासली. जोडपं समाधानी आहे की नाही, हे कोणाचं शिक्षण, वय, स्वभाव काय यावरून जितकं कळतं, त्याहून खूप जास्त ते दोघांच्या आपसातल्या नात्यावरून कळतं. समोरचा आपल्याला धरून आहे असं वाटतं का, आपल्या कष्टांची त्याला जाणीव आहे असं वाटतं का. पुस्तिकेत या गोष्टींना रकाना करताच येणार नाही. त्या दोन माणसं एकत्र आल्यावरच जन्माला येतात. आपल्या आजी-आजोबांनाही हे विचारा, ते वेगळ्या शब्दांत हेच सांगतील.

जातीच्या चौकटीबद्दल मी या पत्रात लिहिलेलं नाही. माझं मत आहे की ती चौकट मोडायला हवी, आणि दोन-तीन समाजांच्या समित्यांनी मिळून एक सामायिक मेळावा घेतला तर पहिल्या दिवशी नोंदणीला मी बसेन. पण या पत्रातल्या मागण्या त्या निर्णयासाठी अडून राहू नयेत. एकाच समाजात मेळावा घ्यायचा असेल तरी मुलामुलींना बोलायला वेळ देता येतोच.

पुस्तिकांचे फॉर्म आता छापायला जातील. त्याआधी निदान दहा-बारा समित्यांच्या कार्यकर्त्यांनी एकदा बसावं, अशी माझी इच्छा आहे. जागा माझ्या घरी आहे, चहापाणी माझ्याकडे. येताना आपापला जुना फॉर्म आणा, आणि सोबत तुमच्या समाजातली लग्नाच्या वयाची एक मुलगी आणि एक मुलगा आणा. फॉर्ममध्ये काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे आधी त्या दोघांना विचारू.

आपली स्नेहांकित,
नोंदणीच्या टेबलावरची एक कार्यकर्ती
प्रतापनगर, नागपूर